विक्रांत : तडे गेलेल्या बॉयलरवर लढलेली बोट

गोदीकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात बाबांची पत्र्याची पेटी आवरत होतो. तळाशी त्यांचा गोदीतला पितळी बिल्ला निघाला, नंबर कोरलेला, कडा झिजलेल्या. बाबा १९६८ साली मुंबईच्या नौदल गोदीत अप्रेंटिस म्हणून लागले आणि बॉयलरमेकर म्हणून निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. बिल्ला हातात दिला तर म्हणाले, "विक्रांतच्या टायमाला हाच होता."

मग मी विचारायला बसलो. विक्रांत किती टनांची होती, विमानं किती मावायची, तोफा किती. ते थोडा वेळ ऐकून म्हणाले, "ते सगळं पुस्तकात मिळेल तुला. स्टीम किती होती ते विचार."

त्या वाक्यावरून हा धागा काढतोय. विक्रांतबद्दल आपण बोलतो तेव्हा अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटीची खरी गोष्ट तिच्या बॉयलररूममध्ये आहे, असं मला बाबांशी बोलल्यावर आणि नंतर मिळेल ते वाचल्यावर वाटायला लागलं.

थोडक्यात मागचं. ही विमानवाहू बोट मूळची ब्रिटिश, नाव 'हर्क्युलिस'. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४३ साली न्यूकॅसलला टाइन नदीकाठी तिचा कणा घातला गेला. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, तोवर युद्ध संपलं होतं. १९४६ साली काम थांबलं आणि ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली. तिरकी धावपट्टी, विमान पुढे फेकणारा वाफेवरचा कॅटापुल्ट, उतरणाऱ्या वैमानिकासाठी आरशाची यंत्रणा अशा त्या काळच्या नव्या गोष्टी तिथेच बसल्या. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात आली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. ३ नोव्हेंबरला ती मुंबईत पोचली तेव्हा बॅलार्ड पियरवर पंडित नेहरू स्वागताला होते.

१९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. पाकिस्तानने तर ती बुडवल्याचा दावाही केला. बोट सुक्या गोदीत उभी आणि रेडिओवर ती समुद्राच्या तळाशी!

आणि मग १९७०. जून महिन्यात बोट गोदीत घेतली तेव्हा बॉयलरच्या वॉटर ड्रममध्ये आतून तडे सापडले. वेल्डिंग करून भागण्यासारखे नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून मागवायचे ठरले, आणि ते येईपर्यंत बॉयलर पेटवायचेच नाहीत असा हुकूम. बाबा सांगतात, टॉर्च घेऊन ड्रममध्ये सरपटत जायचं, आत श्वास कोंडायचा, आणि तडा बोटाच्या टोकाला आधी कळायचा, डोळ्याला नंतर. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

१९७१ उजाडलं. पूर्वेकडे काय पेटतंय ते सगळ्यांना दिसत होतं. नवे ड्रम आले नव्हते. अशा वेळी नौदलाने ठरवलं की बोट बाहेर काढायची. मार्च १९७१ मध्ये बॉयलर कमी दाबावर पेटवले गेले, चाचण्या झाल्या, वेगावर मर्यादा घालण्यात आली. पंचवीसच्या आसपास नॉट धावणारी बोट पंधराच्या आसपास आली. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि त्यांच्या अधिकाऱ्यांपुढचा प्रश्न उघड होता. १९६५ पाठोपाठ याही युद्धात विक्रांत बंदरात बसली, तर तिला पांढरा हत्तीच म्हणतील, आणि नौदलाच्या विमानदलाचा विषयच संपेल. म्हणून ती अरबी समुद्रातून काढून बंगालच्या उपसागरात नेली. तिथे शत्रूची मोठी जहाजं आणि विमानं कमी होती, वेग कमी असलेल्या बोटीला तिथे काम करता येणार होतं.

४ डिसेंबरला सकाळी विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजारवर गेली. मग चितगाव, खुलना, मोंगला. पुढे दहा डिसेंबरपर्यंत हल्ले चालू होते. आपण ४ डिसेंबर हा नौदल दिन कराचीच्या हल्ल्यामुळे ओळखतो. त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला ही बोट लढायला उतरली होती, हे फार कमी जणांच्या ध्यानात असतं.

बाबांना विचारलं, भीती नाही वाटली? ते म्हणाले, "भीती आतल्यांना. आम्ही तर गोदीत. पण आमच्या हातचं काम त्यांच्या डोक्यावर होतं ना."

जाणकारांनी भर घालावी. जुन्या विक्रांतवर, नव्यावर, नावावर, चिन्हावर, कशावरही.

---

रापण

धागा काढलात, फार बरं केलंत. तुमच्या बाबांना मालवणातून नमस्कार सांगा.

आमचे आजोबा युद्धनौकेला 'मनवार' म्हणायचे. लहानपणी तो आपलाच शब्द वाटायचा, मोठेपणी कळलं की 'मॅन-ऑफ-वॉर'ची ती कोकणी जिभेवरची आवृत्ती आहे. इंग्रजांच्या बोटी बघत बघत किनाऱ्यावर रुळलेला शब्द. पण त्याच्या आधीचे शब्द आमचे आहेत: गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं उथळ खाड्यांत शिरायची, तिथे मोठ्या जहाजांना पाणी पुरायचं नाही.

चिन्हाबद्दल लिहिते. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत दाखल झाली, त्याच समारंभात नौदलाचा नवा ध्वज फडकला. आधीच्या ध्वजावर लाल क्रॉस होता, तो गेला. (मध्ये २००१ साली एकदा काढलाही होता, पण २००४ मध्ये परत आला. निळं चिन्ह आकाशात आणि पाण्यात मिसळून जातं, अशी तक्रार होती.) नव्या ध्वजावर निळा अष्टकोन आहे, त्याला दुहेरी सोनेरी कडा, आत नांगर, वर राजमुद्रा, खाली 'शं नो वरुणः'. हा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. प्रतिपच्चंद्रलेखेव म्हणणाऱ्या त्याच अष्टकोनी मुद्रेवरून.

पुढच्या वर्षी, म्हणजे ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. मी वाळूत उभी होते. समोर सिंधुदुर्ग, ज्याचं काम १६६४ साली सुरू झालं, आणि त्याच्या पलीकडे राखाडी बोटींची रांग. गर्दीत माझ्या शेजारी एक म्हातारी कोळीण होती. तिने कोणाला न विचारता सुपलीतले तांदूळ आणि फूल घेतलं आणि पाण्यात सोडलं. नारळी पौर्णिमेला सोडतो तसं.

---

धातुवेडा

गोदीकर, "तडा बोटाला आधी कळायचा" हे वाक्य वाचून मी दोन मिनिटं थांबलो. मी धातुशास्त्र शिकवतो. तुमच्या बाबांनी जे हाताने ओळखलं त्याला आम्ही थकवा म्हणतो. धातू एका धक्क्याने तुटत नाही. वाफेचा दाब चढतो, उतरतो, ड्रम तापतो, निवतो. प्रत्येक फेरीत कुठल्या तरी कोपऱ्यात, बहुतेक नळी जिथे जोडलेली असते तिथे, सूक्ष्म चीर थोडी पुढे सरकते. वर्षानुवर्षं काही दिसत नाही. म्हणूनच दाब कमी ठेवणं हा भेकडपणा नव्हता, शास्त्राला धरून होतं. ताण कमी केला की चीर पुढे सरकण्याचा वेग फार मोठ्या प्रमाणात घटतो. चौदा-पंधरा नॉटवर चालवायचा निर्णय घेणाऱ्याला हे नीट माहीत होतं.

आता नव्या बोटीकडे येतो, कारण तिची माझ्या मते सगळ्यात मोठी कामगिरी तिच्या पत्र्यात आहे. युद्धनौकेचं पोलाद नुसतं कडक असून चालत नाही. ते चिवट लागतं. स्फोटाचा धक्का बसला तर वाकलं पाहिजे, काचेसारखं फुटता कामा नये. शिवाय हजारो सांधे वेल्ड करायचे, तेव्हा सांध्याजवळचा भाग ठिसूळ होता कामा नये. असं पोलाद पूर्वी आपण बाहेरून आणायचो. नव्या विक्रांतच्या वेळी ते वेळेवर मिळेना. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने डीएमआर २४९ ए हे पोलाद तयार केलं, स्टील ऑथॉरिटीच्या कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर ओतलं, आणि धावपट्टीसाठी २४९ बी हा प्रकार वापरला. त्यानंतरच्या आपल्या कित्येक युद्धनौका याच पोलादाच्या आहेत.

१९७० मध्ये ड्रम इंग्लंडहून येण्याची वाट बघत बसलो होतो. २००९ मध्ये कणा घातला तेव्हा पत्रा आपला होता. वारसा म्हणताना मी हे अंतर मोजतो.

---

जनार्दन_स

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून एक शंका मांडतो. नव्या बोटीवर साधारण २० हजार कोटी रुपये लागले. आज जहाजविरोधी क्षेपणास्त्रं शेकडो किलोमीटर जातात, उपग्रहातून बोट दिसते. एवढी मोठी, सावकाश वळणारी गोष्ट समुद्रात पाठवायची, आणि तिच्या रक्षणासाठी विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी असा ताफा बरोबर द्यायचा. त्याच पैशात पाणबुड्या का नकोत? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

वाऱ्यावर

जनार्दनराव, प्रश्न रास्त आहे, नौदलातही तो गेली कित्येक वर्षं चालू आहे. मी नौदलाच्या विमानदलात तंत्रज्ञ होतो, तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो.

पाणबुडी समुद्र नाकारते. म्हणजे शत्रूला येऊ देत नाही. पण ती आकाशात काही करू शकत नाही, ती दिसतही नाही आणि दिसू नये हेच तिचं काम. विमानवाहू नौका किनाऱ्यापासून हजार मैलांवर तुमच्या ताफ्याच्या डोक्यावर छत्र धरते. मुख्य म्हणजे ती बघते. हेलिकॉप्टर आणि विमानं वर गेली की क्षितिज मागे सरकतं. जहाजावरचा रडार पृथ्वीच्या गोलाईपलीकडे खाली उडणारं काही पाहू शकत नाही, वरून पाहता येतं. कामोव्ह ३१ हेलिकॉप्टर याच कामासाठी आहे.

नव्या बोटीचे मुख्य आकडे, कारण कोणी तरी विचारणारच. लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ च्या आसपास, वजन सुमारे ४३ हजार टन. जुनी भरलेली असताना १९ हजारांच्या आसपास होती, म्हणजे दुपटीहून जास्त. चार गॅस टर्बाइन, मिळून ८८ मेगावॉट. वेग २८ नॉट. सुमारे २,२०० खोल्या-कप्पे, १४ मजले, १,६०० माणसं. एका फेरीत साडेसात हजार सागरी मैल. मिग २९ के, कामोव्ह ३१, एमएच ६० आर, आणि आपलं हलकं हेलिकॉप्टर मिळून तीसेक विमानं. २६ राफेल एम घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे.

तुमच्या शंकेतला खरा भाग मी मान्य करतो. ताफ्याशिवाय ती जाऊच शकत नाही. आणि एकच बोट तयार असून चालत नाही, कारण एक गोदीत असते तेव्हा दुसरी लागते. १९६५ चा धडा तोच आहे. हातात एकच, आणि तीही गोदीत.

---

सागरिका_प

@वाऱ्यावर, एक अगदी प्राथमिक प्रश्न. पुढे तो वर उचललेला उतार असतो तो कशासाठी? जुन्या विक्रांतच्या फोटोंत कधी सपाट दिसते, कधी उताराची.

---

वाऱ्यावर

सागरिकाताई, दोन्ही फोटो खरे आहेत.

विमान उडण्यासाठी पंखांवरून ठरावीक वेगाने हवा जावी लागते. जमिनीवर त्यासाठी दोन किलोमीटर धावपट्टी असते. बोटीवर दोनशे मीटरही पुरते नसतात. मग वेग तीन ठिकाणांहून गोळा करायचा: विमानाचा स्वतःचा, बोट वाऱ्याच्या तोंडावर जितक्या जोरात धावेल तो, आणि नैसर्गिक वारा. जुन्या विक्रांतवर १९६१ पासून चौथी गोष्ट होती, वाफेचा कॅटापुल्ट. तो गलोलीसारखा विमानाला पुढे फेकायचा.

आता गोदीकरांच्या बाबांचं वाक्य परत वाचा: स्टीम किती होती ते विचार. १९७१ मध्ये बोट पळायची ती वाफेवर, आणि विमान फेकायचं तेही वाफेवर. त्यात डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा मंद. म्हणजे तिन्ही बाजूंनी ओढाताण. बोटीचा वेग कमी म्हणून विमानात बॉम्ब आणि इंधन किती भरायचं याचा हिशेब प्रत्येक उड्डाणाला करायचा. अशा स्थितीत ते दिवसामागून दिवस उडत राहिले.

पुढे सी हॅरियर आली. ती कमी जागेत उडते आणि सरळ खाली उतरते. तिला कॅटापुल्ट लागत नाही. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुन्या विक्रांतवर साडेनऊ अंशांहून थोडा जास्त असा उतार बसवला. उतारावरून विमान सुटतं ते थोडं वर फेकलं जातं. सुटताना त्याला पुरेसा वेग नसतो, पण खाली येण्याआधी जो वेळ हवेत मिळतो त्यात तो वेग येतो. तुमचे सपाट फोटो त्याच्या आधीचे.

नव्या बोटीवर हा उतार १४ अंशांचा आहे, आणि उतरताना विमानाचा आकडा (हूक) मागच्या तारांत अडकतो. उडताना उतार, उतरताना तार. यात कॅटापुल्टइतकं वजन घेऊन उडता येत नाही, हा त्या रचनेचा उणेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. जड टेहळणी विमान या बोटीवरून जाऊ शकत नाही, हेलिकॉप्टरवर भागवावं लागतं.

---

मांडवीतीर

गोव्याचा धागा जोडतो.

विक्रांत मुंबईत येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, आणि गोवा मुक्त करण्याचं ऑपरेशन विजय सुरू झालं. ती गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर खोल समुद्रात गस्त घालत होती. बाहेरून कोणी मध्ये पडू नये म्हणून. तिने गोळा झाडला नाही. लढाई झाली ती मुरगाव बंदरात, पोर्तुगीजांच्या 'अफोन्सु द अल्बुकर्क' या जहाजाशी, बेतवा आणि बिआस या फ्रिगेटची. आणि अंजदीव बेटावर, जिथे आपले सात नौसैनिक गेले. आमच्याकडे विक्रांतचं नाव निघालं की माझे काका आधी अंजदीवचं नाव घ्यायचे. मोठ्या बोटीच्या सावलीत लहान बेट विसरू नये असं त्यांना वाटायचं.

दुसरा दुवा आजही चालू आहे. विक्रांतवर पहिली सी हॉक वापरणारी तुकडी म्हणजे आयएनएएस ३००, 'व्हाइट टायगर्स'. पुढे त्याच तुकडीने सी हॅरियर उडवली. २०१६ च्या मे महिन्यात दाभोळीच्या आयएनएस हंसावर हॅरियरला निरोप दिला आणि तुकडीकडे मिग २९ के आली. तुकडी तीच, विमान तिसरं. दाभोळीला जमिनीवर बांधलेला उतार आहे, त्यावरून वैमानिक बोटीवर जाण्याआधी सराव करतात. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि आलिझे दोन्ही उभी आहेत. मुलांना घेऊन जा. आलिझे बघताना तिच्या नाकावरचा पंखा लक्षात ठेवा. पाणबुडी शोधणारं ते सावकाश विमान १९७१ मध्ये विक्रांतवरून उडत होतं.

---

टाइनकाठ

मी न्यूकॅसलला राहतो, नोकरीनिमित्त बेलफास्टलाही जाणं होतं. दोन्ही गावं विक्रांतची माहेरघरं आहेत हे इथे आल्यावर दोन वर्षांनी कळलं.

टाइनकाठच्या त्या गोदीत आता जहाजं बांधत नाहीत. बेलफास्टला मात्र गोदीच्या परिसरात टायटॅनिकचं मोठं संग्रहालय आहे, कारण ती तिथेच बांधली. दोन प्रचंड पिवळ्या क्रेन गावात कुठूनही दिसतात. मला वाटलं, विक्रांत याच क्रेनखाली पुरी झाली असेल. तिथल्या एका निवृत्त कामगाराने सांगितलं, नाही, या नंतरच्या, १९६९ आणि १९७४ च्या. मग त्याने विचारलं, "ती बोट आता कुठे आहे?" मी सांगितलं, भंगारात गेली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, टायटॅनिक चार दिवस चालली आणि तिचं संग्रहालय आहे. तुमची छत्तीस वर्षं चालली.

---

दारूखाना_लेन

टाइनकाठ, तुमच्या प्रतिसादाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण ती भंगारात गेली ते मी पाहिलं आहे.

माझं बालपण मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्याजवळ गेलं. २०१४ च्या मे महिन्याच्या शेवटी ती इथे आणली. आधी १९९७ च्या जानेवारीत निवृत्ती, मग २००१ पासून संग्रहालय, २०१२ साली सुरक्षिततेमुळे तेही बंद. मी शाळेत असताना नेव्ही वीकमध्ये तिच्यावर गेलो होतो. रांग दोन तासांची होती. आत लोखंडी जिने इतके उभे की आईने साडी खोचली आणि मागे उतरताना रडकुंडीला आली. धावपट्टीवर आल्यावर मात्र ती गप्प झाली. समोर अख्खी मुंबई, आणि पायाखाली मैदानाएवढं लोखंड.

लिलावात ६० कोटींना गेली. कोर्टात याचिका झाल्या, २०१४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला, नोव्हेंबरात गॅस कटर लागले. इथे बोटी नेहमीच तुटतात. आमच्या गल्लीत जहाजाचे आरसे, पंखे, दोरखंड, बेसिनं विकतात, त्यात आम्हाला वेगळं काही वाटत नाही. पण तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. एक सरदारजी, खूप वयस्कर, तीन दिवस रोज यायचे. चहाच्या टपरीवर बसायचे. चौथ्या दिवशी आले नाहीत.

माझा भाऊ बजाजची व्ही १५ मोटरसायकल चालवतो. तिच्या टाकीच्या झाकणावर विक्रांतचं लोखंड आहे म्हणतात. मला ते आवडत नाही, त्याला आवडतं. तो म्हणतो, गंजून जाण्यापेक्षा रस्त्यावर धावतंय ते बरं. यावर आमचं अजून पटलेलं नाही.

---

रापण

दारूखाना, तुमच्या भावाशी मी सहमत नाही, पण त्याचा राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा.

विक्रांत गेली तेव्हा म्हटलं, शिकलो असू. मग विराट, आपली दुसरी विमानवाहू बोट. तीही मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला की आमच्या निवतीजवळ तिचं सागरी संग्रहालय करायचं. इथे वाडीवाडीत चर्चा होती. माझ्या मावसभावाने होडी घ्यायला कर्ज काढायचा विचार केला, पर्यटक न्यायला. दोन वर्षांनी विराट मुंबईहून निघाली ती अलंगला, तुटायला.

विशाखापट्टणमला बघा. कुरसुरा ही पाणबुडी २००२ पासून समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे, तिकीट काढून लोक आत जातात. पाणबुडी लहान, खर्च कमी, हे मान्य. पण तिथे ती कोणाला तरी हवी होती.

---

धातुवेडा

रापणताई, तुमचा संताप पटतो, तरी एक तांत्रिक बाजू मांडतो. पाण्यात उभी ठेवलेली बोट रोज खारट होते. तिचा तळ दर काही वर्षांनी गोदीत घेऊन घासावा, रंगवावा लागतो. जुन्या विक्रांतचा तळ शेवटी इतका पातळ झाला होता की तिला तरंगत ठेवणंच धोक्याचं होतं. बोट जपायची असेल तर निर्णय निवृत्तीच्या दिवशी घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनी घेतला तर जपायला काही उरत नाही.

---

शाळामास्तर

मी संस्कृत शिकवायचो. नावाबद्दल दोन ओळी.

'विक्रांत' म्हणजे नुसता शूर नव्हे. वि आणि क्रम् या धातूपासून तो शब्द येतो: पाऊल टाकून पलीकडे गेलेला. विष्णूच्या तीन पावलांना 'विक्रम' म्हणतात तो हाच धातू. बोटीचं ब्रीदवाक्य 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या आठव्या सूक्तातलं: युद्धात आमच्याशी स्पर्धा करणाऱ्यांना आम्ही जिंकू. जुन्या बोटीचं तेच, नव्या बोटीचंही तेच. क्रमांकही तोच, आर ११.

आपल्या नौदलात हे नेहमीचं आहे. जुनी बोट गेली की तिचं नाव नवी घेते. दिल्ली, म्हैसूर, तलवार, त्रिशूल अशी कितीतरी. आपल्या घरांत आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. नाव ठेवलं म्हणून नातू आजोबा होत नाही. पण हाक मारली की घरातलं कोणी तरी क्षणभर दुसरीकडे बघतं.

---

जनार्दन_स

@वाऱ्यावर, उत्तराबद्दल मनापासून आभार. अजून पूर्ण पटलेलं नाही, पण 'एकच असून चालत नाही' हा मुद्दा डोक्यात बसला.

'गाझी'बद्दल कोणी लिहिलं नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानची ती एकच पाणबुडी इतक्या लांब येऊ शकत होती, आणि ती आली होती विक्रांतला शोधायला. विक्रांत तेव्हा अंदमानात दडवलेली होती. 'राजपूत' ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमजवळ राहून भरमसाठ संदेश पाठवत होती, जणू मोठी बोट तिथेच आहे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी त्या बंदराबाहेर बुडाली. राजपूतच्या बॉम्बने की स्वतःच्याच सुरुंगाने, यावर दोन मतं आहेत. मला मात्र यातून जाणवतं ते वेगळं. एक बोट नुसती आहे म्हणून शत्रूला आपली सगळ्यात चांगली पाणबुडी तीन हजार मैल पाठवावी लागली. बहुधा माझ्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर हे असावं.

---

गोदीकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. दोन दिवस लागले, कारण मध्ये मध्ये ते थांबवून काही तरी सांगायचे.

धातुवेडा, तुमचा थकव्याचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणायचे दाब वाढवू नका, बस." मग म्हणाले, "बरोबर सांगत होते तर."

शाळामास्तर, एक भर घालतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या विक्रांतची १९६१ ची घंटा नव्या बोटीला दिली गेली. इतकी वर्षं ती दिल्लीत नौदल उपप्रमुखांच्या निवासस्थानी होती. निवृत्त होताना व्हाइस ॲडमिरल घोरमाडे यांनी ती बोटीकडे सोपवली. म्हणजे लोखंड गेलं तरी पितळ पोचलं.

आणि काल बाबांना घेऊन लायन गेटजवळच्या विक्रांत स्मारकाला गेलो. २०१६ च्या जानेवारीत उभारलेलं, बोटीच्याच लोखंडाचं. टॅक्सीतून उतरल्यावर ते सरळ स्मारकाकडे गेले नाहीत. आधी गोदीच्या दरवाज्याकडे बघत उभे राहिले, शिफ्ट सुटायची वेळ होती. मग स्मारकाजवळ येऊन त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "सांधा चांगला केलाय."

बिल्ला खिशात होता. तो त्यांनी काढला नाही.

---

दारूखाना_लेन

गोदीकर, पुढच्या वेळी याल तेव्हा कळवा. बाबांना चहाला घेऊन या, टपरी अजून तिथेच आहे. ते सरदारजी कोण होते ते टपरीवाल्याला माहीत असेल, विचारून ठेवतो.